कॉलेज फुटबॉलमधली शिक्षा कडकच हवी, पण ती कुणाच्या खात्यावर?

ऑगस्ट २०२५ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल संघावर एनसीएएचा निकाल आला. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ही संस्था करते आणि ते मोडले तर शिक्षाही तिचीच समिती देते. प्रकरण खुणा चोरण्याचं होतं. फुटबॉलमध्ये कोच मैदानाच्या कडेवरून हातवारे करून किंवा चित्रांचे फलक दाखवून पुढची चाल कळवतात. सामना सुरू असताना समोरच्याच्या खुणा ओळखल्या तर त्यात गैर काही नाही. पण ज्या संघाशी याच हंगामात खेळायचं आहे, त्याच्या आधीच्या सामन्याला माणूस पाठवून टेहळणी करायला १९९४ पासून बंदी आहे. मिशिगनचा कॉनर स्टॅलियन्स हा कर्मचारी २०२१ ते २०२३ असे तीन हंगाम हेच करत होता. ओळखीच्या लोकांना तिकिटं काढून द्यायची, त्यांनी प्रेक्षकांत बसून मोबाइलवर खुणांचं चित्रण करायचं आणि ते याच्याकडे पाठवायचं. असे पन्नासच्या वर सामने झाले. जानेवारी २०२४ मध्ये मिशिगन राष्ट्रीय विजेता झाला.

समितीने निकालात स्वच्छ लिहिलं की एकाहून जास्त वर्षांची पोस्टसीझन बंदी, म्हणजे नियमित हंगामानंतरचे सामने खेळायला मनाई, द्यायला इथे पुरेसा आधार आहे, पण ज्यांनी हे केलं ते आता संघात नाहीत आणि बंदीचा फटका आताच्या खेळाडूंना बसेल, म्हणून ती देत नाही. प्रतिस्पर्धी संघांचे चाहते खवळले. सगळ्यांचा सूर एकच, की मोठ्या संघाला सोडलं.

माझं मत दोन्ही बाजूंना आवडणारं नाही. बंदी दिली नाही हे बरोबर झालं. आणि नियम मोडणाऱ्या संघाला जबर शिक्षा व्हायलाच हवी. या दोन गोष्टींत मला विसंगती दिसत नाही, कारण शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती कुणाच्या खात्यावर पडते हे आधी बघायला लागतं. गेल्या चाळीस वर्षांत ती बहुतेक वेळा चुकीच्या खात्यावर पडली आहे.

कडक शिक्षा म्हटलं की डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचं, म्हणजे एसएमयूचं, नाव निघतं. ते प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. १९८१ ते १९८४ या चार हंगामांत त्यांनी ४१ सामने जिंकले, ५ हरले, १ बरोबरीत सुटला. भरतीतल्या गैरप्रकारांसाठी १९८५ मध्ये त्यांना तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखालचा काळ, मिळालं. त्याच वर्षी एनसीएएने नवा नियम केला: एका मोठ्या शिक्षेनंतर पाच वर्षांच्या आत पुन्हा मोठा गुन्हा केला, तर तो खेळच काही काळ बंद करता येईल. लोक त्याला ‘डेथ पेनल्टी’ म्हणू लागले. एसएमयूने प्रोबेशनवर असतानाही पैसे वाटणं चालूच ठेवलं. एका बूस्टरच्या, म्हणजे संघाला पैसा पुरवणाऱ्या श्रीमंत हितचिंतकाच्या, पैशातून १३ खेळाडूंना महिना ५० ते ७२५ डॉलर दिले जात. एकूण रक्कम ६१ हजार डॉलर.

२५ फेब्रुवारी १९८७ रोजी निकाल आला. १९८७ चा हंगाम रद्द, १९८८ मध्ये घरच्या मैदानावर एकही सामना नाही, आणि चार वर्षांत ५५ स्कॉलरशिप कमी. नुसते बाहेरचे सामने खेळायला संघच उरला नाही, म्हणून विद्यापीठाने १९८८ चा हंगाम स्वतःच सोडून दिला. पुढच्याच महिन्यात टेक्ससचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी कबूल केलं की विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष असताना पैसे चालू ठेवायला त्यांची संमती होती. आधी शब्द दिलेल्या खेळाडूंचं देणं हळूहळू संपवायचं, असं ठरलं होतं. एकदम बंद केलं तर पोरं तोंड उघडतील ही भीती होती.

म्हणूनच एसएमयूला दिलेली शिक्षा मला योग्य वाटते. कोच लबाड निघाला तर वर कुणीतरी त्याला थांबवू शकतं. इथे सगळ्यात वरच्या खुर्चीनेच हिशेब करून नियम मोडायचं ठरवलं होतं. आत थांबवणारं कुणी नव्हतं, म्हणून बाहेरून टाळं लावावं लागलं. संपूर्ण खेळ बंद करण्यासाठी माझी कसोटी हीच आहे: निर्णय विश्वस्त, अध्यक्ष किंवा क्रीडा संचालकांच्या पातळीवर झाला होता का, आणि आधीची शिक्षा चालू असताना झाला होता का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर खुशाल बंद करा.

पण त्याची किंमत कुणी मोजली तेही बघा. १९८९ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला तो बहुतेक पहिल्या वर्षाच्या पोरांचा होता. ह्यूस्टनने त्यांना ९५–२१ असं हरवलं. हंगामात २ विजय, ९ पराभव. त्या पोरांनी कुणाकडून एक डॉलरही घेतलेला नव्हता. पुढचा बोल सामना, म्हणजे हंगाम संपल्यावरचा निमंत्रितांचा सामना, खेळायला एसएमयूला डिसेंबर २००९ उजाडावा लागला. क्लेमेंट्स यांनी मात्र गव्हर्नरपदाची मुदत १९९१ पर्यंत पूर्ण केली.

त्यानंतर डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, एनसीएएने ही शिक्षा कुणालाच दिली नाही. तिच्या जागी पोस्टसीझन बंदी आणि स्कॉलरशिप कपात आली. या शिक्षा सौम्य वाटतात, पण नेम तसाच चुकतो, कारण मधे वर्षं जातात. चौकशीची नोटीस, मुलाखती, आरोपपत्र, त्यावर उत्तर द्यायला ९० दिवस, सुनावणी, निकाल, मग अपील. एनसीएएला समन्स काढायचा अधिकार नाही, त्यामुळे जो माणूस नोकरी सोडून गेला त्याला बोलतं करायचं साधनच हातात नसतं. ओक्लाहोमा स्टेटच्या बास्केटबॉल संघाचा सहायक कोच लाच घेताना सापडला आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्याला काढलं. खेळाडूंना ठरावीक आर्थिक सल्लागारांकडे वळवण्यासाठी त्याने पैसे घेतले होते, विद्यापीठाला त्यातून काही मिळालं नव्हतं. शिक्षा आली जून २०२० मध्ये, अपील फेटाळलं गेलं नोव्हेंबर २०२१ मध्ये, आणि मार्च २०२२ ची स्पर्धा हुकली ती या सगळ्याशी काही संबंध नसलेल्या मुलांची.

स्कॉलरशिप कपात कशी चावते हे यूएससीच्या, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, प्रकरणात दिसतं. त्यांचा स्टार खेळाडू रेजी बुश याच्या कुटुंबाने एजंट होऊ पाहणाऱ्यांकडून घर आणि पैसे घेतले, हे २००४–०५ च्या सुमाराचं. शिक्षा जून २०१० मध्ये आली: दोन वर्षं बोल बंदी आणि तीन वर्षांत ३० स्कॉलरशिप कमी. तेव्हा एका संघाला एकूण ८५ आणि दर वर्षी नव्या २५ स्कॉलरशिप देता येत. यूएससीसाठी हे आकडे ७५ आणि १५ झाले. दहाचा फरक कागदावर छोटा दिसतो. पण वर्षाला १५ च नवे घ्यायचे म्हटलं की त्यातले दोन-तीन जखमी झाले किंवा सोडून गेले तरी ती जागा भरून निघत नाही. लाइनमधल्या जाडजूड पोरांना तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळे खरा खड्डा शिक्षेच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी पडतो. माणसं जपायची म्हणून सरावात टॅकलिंग कमी करावं लागतं, आणि मग सामन्यात टॅकल चुकतात. २०१२ चा हंगाम यूएससीने पहिल्या क्रमांकावर सुरू केला आणि ७ विजय, ६ पराभवांवर संपवला. अपिलामुळे कपात लांबली होती, ती २०१२ ते २०१४ मध्ये लागू झाली. म्हणजे २०१२ मध्ये संघात आलेली मुलं मूळ प्रकार घडला तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. कोच पीट कॅरल निकालाच्या पाच महिने आधीच एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेले होते.

विजय पुसून टाकायच्या शिक्षेवर फार बोलण्यासारखं नाही. लुइव्हिल विद्यापीठाचं २०१३ चं बास्केटबॉल विजेतेपद कागदावरून गेलं, बॅनर उतरवला, पण कुणाच्या खिशाला किंवा नोकरीला त्याने धक्का लागत नाही. पेन स्टेट विद्यापीठाचे पुसलेले ११२ विजय तर जानेवारी २०१५ मध्ये परतही दिले. ते प्रकरण मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचं होतं, खेळाच्या नियमांपेक्षा कितीतरी गंभीर, आणि त्याची जागा फौजदारी न्यायालयात होती. एनसीएएने २०१२ मध्ये स्वतःची चौकशीची पद्धत बाजूला ठेवून घाईने शिक्षा लादली. त्यातला ६ कोटी डॉलरचा दंड तेवढा टिकला, कारण तो अत्याचार रोखण्याच्या कामासाठी होता. बोल बंदी आणि स्कॉलरशिप कपात दोन वर्षांत मागे घ्यावी लागली.

मग काय वापरावं? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली म्हणजे शो-कॉज. ही शिक्षा माणसावर असते. तिच्या मुदतीत त्या कोचला कुठल्याही एनसीएए विद्यापीठाने घ्यायचं ठरवलं, तर त्या विद्यापीठाला समितीपुढे जाऊन सांगावं लागतं की आम्हाला का शिक्षा करू नये. सहसा कुणी त्या वाटेला जात नाही. बास्केटबॉल कोच केल्विन सॅम्पसन यांना २००८ मध्ये भरतीसाठी नियमाबाहेर फोन केल्याबद्दल पाच वर्षांची शो-कॉज मिळाली. ते एनबीएमध्ये सहायक कोच झाले आणि मुदत संपल्यावर २०१४ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाचे कोच म्हणून कॉलेज खेळात परतले. आणि ज्या फोनसाठी त्यांचं करिअर थांबलं, त्या फोनवरची बंधनं एनसीएएने २०१२ मध्ये बरीचशी काढूनच टाकली. हत्यार चांगलं आहे, पण कुठल्या नियमासाठी उपसायचं याचं तारतम्य हवं. शिवाय त्याला एक मोठं भोक आहे. मिशिगनचे तेव्हाचे मुख्य कोच जिम हारबॉ यांची १० वर्षांची शो-कॉज ऑगस्ट २०२८ मध्ये सुरू होणार आहे, आणि ते लॉस एंजेलिस चार्जर्सचे कोच आहेत. एनएफएलला ती लागू नाही.

हे भोक करारात बुजवता येतं. टेनेसी विद्यापीठाने फुटबॉल कोच जेरेमी प्रुइट यांना जानेवारी २०२१ मध्ये सकारण काढलं आणि सव्वा कोटी डॉलरच्या आसपासचं बायआउट, म्हणजे करार मुदतीआधी मोडल्यास कोचला द्यावी लागणारी रक्कम, वाचवलं. नियमभंग पहिल्या किंवा दुसऱ्या (म्हणजे सगळ्यात गंभीर) पातळीचा ठरला तर बायआउट नाही, हे कलम आता मोठ्या करारांत असतं. त्यात आणखी एक जोडायला हवं: ज्या हंगामात नियम मोडला त्या हंगामाचा बोनस कोच पुढे कुठेही गेला तरी परत करेल.

दुसरी गोष्ट दंड, पण उत्पन्नाच्या प्रमाणात. मिशिगनच्या बाबतीत समितीने इथे बरं काम केलं. ५० हजार डॉलर, अधिक फुटबॉल बजेटच्या १० टक्के, अधिक २०२५ आणि २०२६ च्या पोस्टसीझन उत्पन्नाएवढी रक्कम. हे सगळं दोन कोटी डॉलरच्या वर जाईल असा अंदाज तेव्हाच बांधला गेला. पण ज्या खात्याचं वर्षाचं बजेट २० कोटींच्या पुढे आहे त्याला हे परवडतं, आणि माझ्या मते ढिलाई झाली ती इथे. एवढ्या मोठ्या, तीन हंगाम चाललेल्या प्रकाराला बजेटच्या १० ऐवजी २५ टक्के लावायला हवे होते. सोबत अट हवी की दंड फुटबॉलच्या पैशातूनच भरायचा. नाहीतर पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स यांचे खर्च छाटून तो भरला जाईल. पुरावे नष्ट करण्यावरही जास्त कडक व्हायला हवं होतं. स्टॅलियन्सने फोन तळ्यात फेकला आणि तेव्हाचे सहायक कोच शेरोन मूर यांनी त्याच्याशी झालेले ५२ मेसेज एका झटक्यात पुसले. मूर यांना त्याबद्दल काही सामन्यांची बंदी आणि दोन वर्षांची शो-कॉज मिळाली, तीही तेव्हा नोकरीवर राहून; पुढे डिसेंबर २०२५ मध्ये त्यांची नोकरी गेली.

तिसरी गोष्ट कबुलीची सूट. इथे एनसीएएचा इतिहास फार वाईट आहे. मिझुरीत एका ट्यूटरने १२ खेळाडूंचं काम करून दिलं. विद्यापीठाने स्वतः कळवलं, सगळं सहकार्य केलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये फुटबॉल, बेसबॉल, सॉफ्टबॉल तिन्ही संघांना एकेक वर्षाची बंदी मिळाली. त्याच वर्षी मिसिसिपी स्टेटच्या ट्यूटरचं तसंच प्रकरण, ११ खेळाडू, वाटाघाटीत मिटलं आणि बोल बंदी आली नाही. नॉर्थ कॅरोलायनात तर १८ वर्षं नावापुरते वर्ग चालले, ३,१०० च्या वर विद्यार्थी त्यात होते, निम्म्याच्या आसपास खेळाडू. विद्यापीठाने वकिलांमार्फत मांडलं की हे वर्ग सगळ्यांनाच खुले होते, सबब हा खेळाचा गैरफायदा नव्हे. ऑक्टोबर २०१७ मध्ये समितीला ते मान्य करावं लागलं आणि शिक्षा झाली नाही. या तीन निकालांनंतर कुठल्या विद्यापीठाचा वकील कबुली द्यायचा सल्ला देईल? किती कबुलीला किती टक्के सूट हे आधीच छापलेलं असलं पाहिजे.

जुलै २०२५ पासून चित्र आणखी बदललंय. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीनुसार विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ६१ हजारांसाठी एक संघ दोन वर्षं बंद झाला होता. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना फुटबॉलमध्ये स्कॉलरशिपची मर्यादाही उरली नाही, फक्त १०५ जणांची यादी-मर्यादा आहे, त्यामुळे स्कॉलरशिप कपात ही शिक्षाच तिथे बोथट झाली आहे. उद्या मोडले जाणारे नियम पगाराची कमाल मर्यादा चोरून ओलांडण्याचे असतील, आणि ते मोडणारे खेळाडूंपेक्षा हिशेब ठेवणारे अधिकारी असतील. अशा वेळी शिक्षा त्या मर्यादेतूनच कापावी: १० लाख चोरून दिले तर पुढच्या वर्षीच्या मर्यादेतून ३० लाख वजा.

बंदीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो, की आता ट्रान्सफर मोकळी आहे, ज्याला बंदीत राहायचं नाही त्याने दुसरीकडे जावं. हे बोलणं सोपं आहे. डिव्हिजन वनमध्ये खेळायची पात्रता टिकवायला तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के, चौथ्याला ६० आणि पाचव्याला ८० टक्के अभ्यासक्रम पूर्ण असावा लागतो. नव्या विद्यापीठाने जुने क्रेडिट सगळे धरले नाहीत की इंजिनिअरिंग करणारा मुलगा तिथेच अडकतो. पुण्या-मुंबईहून टेनिससाठी एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर गेलेल्यांना तर नव्या विद्यापीठाचं आय-ट्वेंटी (प्रवेशाचं अधिकृत पत्र) आणि सेव्हिस नोंदीचं (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) हस्तांतरणही वेळेत व्हावं लागतं. त्यामुळे अमेरिकेत खेळायला जायचं असेल तर कोचचा फोन आला की दोन प्रश्न जरूर विचारा: विद्यापीठाच्या कुठल्याही खेळावर सध्या प्रोबेशन किंवा चौकशी आहे का, आणि माझे क्रेडिट दुसरीकडे किती चालतील? पहिल्याचं उत्तर एनसीएएच्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये विद्यापीठाचं नाव टाकून ताडून बघता येतं, जुने निकाल तिथे पूर्ण वाचायला मिळतात. चालू चौकशी मात्र तिथे दिसत नाही, तेवढी लेखी विचारून घ्यावी लागते.