अडीच पौंडाचा मास्तर

डोनाल्ड बेल हे नाव आपल्याकडे कोणाला माहिती असायचं काही कारण नाही. फुटबॉलवाला म्हणून बघितलं तर तो काही फार मोठा खेळाडूही नव्हता, ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यू नावाच्या क्लबकडून मोजक्या मॅच खेळला, इंग्लंडच्या टीममध्ये कधी आला नाही. पण माणूस मुळात शाळामास्तर होता, आणि प्रोफेशनल फुटबॉल त्याने धरला तो पगारात भागत नव्हतं म्हणून. हे वाचलं आणि मी तिथंच अडकलो.

जन्म १८९० चा, यॉर्कशायरमधल्या हॅरोगेटचा. लंडनला वेस्टमिन्स्टर कॉलेजात मास्तरकीचं शिक्षण घेतलं, तेव्हा क्रिस्टल पॅलेस क्लबकडून हौशी म्हणून खेळायचा, मग गावी येऊन स्टारबेक भागातल्या शाळेत नोकरीला लागला. पगार आठवड्याला अडीच पौंड. म्हणून १९१२ मध्ये ब्रॅडफर्डशी करार केला. आता फुटबॉलमध्ये तरी पैशांचा पाऊस होता का, तर नाही, खेळाडूला आठवड्याला चार पौंड, फार जुना असेल तर पाच, याच्यावर द्यायचे नाहीत असा तेव्हा तिथं नियमच होता.

आमच्याकडे तासिका तत्त्वावरचे सर लोक काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी सकाळी क्लास घेतो, कोणी एलआयसीच्या पॉलिसी काढतो, आणि यावल-रावेरकडचे जे आहेत ते रात्री लाइट आली की उठून केळीला पाणी सोडतात आणि सकाळी परिपाठाला डोळे चोळत उभे. बेल शनिवारी दुपारी फुलबॅक, म्हणजे मागे बचावाला, खेळायचा, एवढाच काय तो फरक. सहा फूट उंच, अंगाने भरलेला आणि तरी शंभर यार्ड साडेदहा सेकंदांच्या आसपास पळणारा. असा फुलबॅक अंगावर आला तर फॉरवर्डने काय करायचं.

१९१४ मध्ये त्याचा क्लब फर्स्ट डिव्हिजनला चढला, आणि त्याच वर्षी पहिलं महायुद्ध लागलं. पण लीग चालूच राहिली, १९१५ च्या एप्रिलपर्यंत पूर्ण सीझन खेळवला. त्यावरून तिकडं बोंबाबोंब, की तरणीबांड पोरं इथं बॉलमागे पळतायत आणि तिकडं माणसं मरतायत. फुटबॉलवाल्यांवर एवढं तोंडसुख घेतलं गेलं की शेवटी डिसेंबरात त्यांची एक वेगळी बटालियनच काढली. मला हे जरा लबाडीचं वाटतं, कारण बोलणाऱ्यांत बरेच जण स्वतः न जाणारेच असणार, नाही का. बेल मात्र त्याच्या आधीच, नोव्हेंबरातच, क्लबकडे करारातून मोकळं करा म्हणून अर्ज देऊन साधा शिपाई म्हणून भरती झालेला होता. पुढच्या वर्षी ग्रीन हॉवर्ड्स रेजिमेंटमध्ये अधिकारी झाला.

१९१६ च्या ५ जूनला त्याचं लग्न झालं, बायकोचं नाव ऱ्होडा. आणि १ जुलैला फ्रान्समध्ये सोमची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिशांचे १९ हजारांवर लोक मेले, जखमी वगैरे धरून आकडा ५७ हजारांच्या पुढे. त्याच दिवशी एव्हलिन लिंटॉट नावाचा इंग्लंडच्या टीमचा खेळाडू गेला, खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष राहिलेला, आणि गंमत म्हणा की काय म्हणा, तोही मास्तरच.

बेलचा तो पराक्रम ५ जुलैचा. हॉर्सशू ट्रेंच नावाच्या जर्मन खंदकावर यांचा हल्ला चालला होता आणि बाजूने एक मशीनगन सगळ्यांना झोपवत होती. बेल, कॉर्पोरल कोलविल आणि प्रायव्हेट बेटी असे तिघं एका जोडखंदकातून सरपटत जवळ गेले, मग उघड्यावर निघाले आणि सरळ मशीनगनच्या दिशेने पळत सुटले. वीसेक यार्डांवरून त्याने पहिलाच हातबॉम्ब फेकला तो नेमका गनवर. वीस यार्ड म्हणजे क्रिकेटच्या पिचपेक्षाही दोन यार्ड कमी, तेवढ्यावर मशीनगन. आणि तो मिल्स बॉम्ब पाऊण किलोचा, डोक्यावर लोखंडी टोपी, खांद्याला पिशवी, कमरेला रिव्हॉल्व्हर, असं सगळं घेऊन पळत पळत नेम धरायचा. आमच्या पोरांना सरळ उभं राहून स्टंपवर थ्रो लागत नाही, जाऊ द्या.

दोन दिवसांनी त्याने आईला पत्र लिहिलं. मला या सगळ्या प्रकरणात तेच पत्र सगळ्यात जास्त आवडतं. सरकारी नोंदीत काय आहे, तर प्रचंड गोळीबारात उघड्यावरून धाव, रिव्हॉल्व्हरने गनर टिपला, बॉम्बने गन उडवली, कित्येकांचे जीव वाचले. पत्रात काय आहे, तर हा निव्वळ फ्लुक होता, मी काही केलंच नाही, एक बॉम्ब फेकला आणि काम झालं. म्हणजे एखाद्याने लांबून गोल मारावा आणि ड्रेसिंग रूममध्ये म्हणावं, अरे लागून गेला रे. त्याच पत्रात पन्नासेक जर्मन मारले हेही तो सहज लिहून जातो आणि तिथं मात्र मला थांबायला होतं. पण त्याला नम्रतेचं नाटक करायचं नव्हतं हेही त्यातूनच कळतं, जसं वाटलं तसं आईला सांगून टाकलंय.

ही गोष्ट मी ऑफ तासाला नववीच्या पोरांना सांगितली. शाळेत फुटबॉल एकच, तो बाभळीच्या काट्याने बसलेला, पंपाची पिन सापडत नव्हती, मग बाहेर सोडून तरी काय करणार, त्यात एप्रिलचं ऊन. मागच्या बाकावरून पहिला प्रश्न, "सर, मग त्याले क्लबनं पगार देल्ला का तिथं असताना?" दुसरा एकजण म्हणे, "पन सर तो तं इंग्रज व्हता ना."

दुसऱ्याचं म्हणणं रास्त आहे. आमच्या नंदुरबारला चौकात शिरीषकुमारचं स्मारक आहे, ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा घेऊन निघालेल्या त्या शाळकरी पोराला ज्या सरकारच्या गोळ्या लागल्या, त्याच सरकारचा गणवेश बेलच्या अंगावर होता. आणि शाळा सोडून लढायला गेलेला मास्तर म्हटलं की खान्देशात साने गुरुजीच, अमळनेरची शाळा सोडून १९३० मध्ये तुरुंगात गेलेले. बेलला मी त्या रांगेत बसवत नाहीये. पण त्या सोममध्ये नुसते इंग्रज नव्हते हे पोरांना माहितीच नसतं. बेल गेला त्यानंतर चारच दिवसांनी, १४ जुलैला, तिथून काही किलोमीटरवर हाय वूडपाशी आपली डेक्कन हॉर्स ही हिंदी घोडदळाची पलटण घोड्यांवर बसून भाले घेऊन शत्रूवर चालून गेली होती. मशीनगनच्या जमान्यात भाले! ती माणसं त्या मातीत नक्की कोणासाठी मरत होती हा प्रश्न बेलपेक्षा त्यांच्याबाबतीत जास्त टोचतो. पोरांना तेही सांगितलं, तोवर बेल झाली.

हो, बेल गेला ते सांगायचं राहिलंच. १० जुलै, कोंतालमेझों नावाचं गाव, परत मशीनगन, परत हा हातात बॉम्ब घेऊन पुढे. यावेळी नाही जमलं. वय २५. लग्नाला पाच आठवडे झालेले. मेला त्या जागेला सैनिकांनी बेल्स रिडाउट, म्हणजे बेलचा मोर्चा, असं नाव दिलं, आता तिथं त्याचं छोटं स्मारक आहे. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं मेडल त्याला ५ जुलैच्या कामासाठी मिळालं, म्हणजे ज्याला तो स्वतः फ्लुक म्हणाला त्यासाठी, आणि डिसेंबरात बकिंगहॅम पॅलेसला जाऊन ते ऱ्होडाने घेतलं. इंग्लंडच्या प्रोफेशनल फुटबॉलवाल्यांमध्ये हे मेडल मिळालेला तो एकटाच.

तेच मेडल २०१० मध्ये लिलावात निघालं. बोली दोन लाख पौंडांच्या वर गेली आणि घेतलं कोणी, तर खेळाडूंच्या युनियनने, लिंटॉट ज्याचा अध्यक्ष होता त्याच. आता ते मँचेस्टरच्या फुटबॉल म्युझियममध्ये आहे. आठवड्याला अडीच पौंडाने दोन लाख जमवायला त्याला दीड हजार वर्षं शिकवावं लागलं असतं. मी हे स्टाफरूममध्ये बोललो तर आमचे एक सर म्हणाले, चांगली आहे युनियन, आमचीने अजून फरकाच्या बिलाचं काही सांगितलं नाही.