फेब्रुवारीत कापलेलं गवत

माझं घर गोव्यात फोंड्याजवळ, चढावावर. मागे चिऱ्यांचा गडगा आणि गडग्यापलीकडे शेजारच्या आजींचं पोरसू, म्हणजे परसबाग. 2021च्या ऑक्टोबरात नर्सरीतून जांभळ्या फाउंटन ग्रासची सहा रोपं आणून मी गडग्यालगत लावत होते, तेव्हा आजी अबोलीची फुलं काढता काढता थांबल्या. "बाय, हें तण कित्याक लायलां गे?" मी म्हटलं, शोभेचं आहे. त्यांनी एकदा रोपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि परत फुलं काढू लागल्या. पावसाळाभर अंगणातलं तण उपटून कंबर मोडलेल्या बाईला पैसे देऊन गवत आणणं कसं पटावं?

पण ते दिसतं फार देखणं. जांभळट तपकिरी बारीक पाती, त्यांतून वाकून येणारे कोल्ह्याच्या शेपटीसारखे झुबकेदार तुरे. संध्याकाळचं ऊन मागून पडलं की चहाचा कप हातात थंड होतो.

पहिली चूक लावतानाच झाली. आमच्याकडे वीतभर मातीखाली चिरा, म्हणजे जांभा दगडच लागतो. मी पिकासाने दीड दीड फुटाचे खड्डे खणून घेतले आणि गुलाबाला घालावं तसं शेणखत भरभरून घातलं. चिऱ्यात खणलेला खड्डा म्हणजे घमेलंच. पाणी आत जातं, बाहेर निघायला वेळ घेतं. आणि या गवताला खताचं कौतुक नाही. खत जास्त झालं की पाती लांबतात, मऊ पडतात, ठोंब मधूनच फाकतो. हलक्या जमिनीत, अर्ध्या पोटी ठेवलं तर ताठ उभं राहतं.

दुसरी चूक फेब्रुवारीत. जिथे वाचावं तिथे लिहिलेलं, हिवाळा सरता सरता गवत जमिनीलगत छाटा. मीही छाटलं. आता कळतं, तो सल्ला बर्फ पडणाऱ्या देशांचा. तिथे थंडीत शोभेची बरीचशी गवतं सुकून जातात आणि वसंतात नवी फुटतात. गोव्यात फेब्रुवारीत कापलं की लगेच कोंब येतात, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात त्यांना जगवायला रोज पाणी घालत बसावं लागतं. आमच्या विहिरीचा तळ एप्रिलात दिसू लागतो. घरात पाणी जपून वापरा म्हणून मीच ओरडणार आणि मीच गवताला बादल्या ओतणार. नवऱ्याने एक शब्द काढला नाही, फक्त बादल्या मोजल्या.

जूनपर्यंत गवत कमरेएवढं झालं, तुऱ्यांनी भरलं. मग पाऊस आला. गोव्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. भिजलेले तुरे जड होतात. पहिल्या मोठ्या सरीत सगळं गवत अंग टाकून झोपलं. आडव्या पात्यांखाली ठोंबाच्या मधोमध महिनाभर ऊन-वारा पोचलाच नाही. जुलैत एक ठोंब पिवळा दिसला म्हणून ओढून पाहिला, तर पाती मुठीत आली, मुळं जागच्या जागी राहिली. बुडखा काळा पडलेला, वास कुजक्या भाताचा. आठवड्यात दुसराही गेला.

आजींनी गडग्यावरून पाहिलं. काही बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं.

पाऊस उघडल्यावर उरलेले चार ठोंब उपटले आणि खड्डे बुजवले. आता मी खड्डा करतच नाही. माती, चिऱ्याचा चुरा आणि ओंजळभर जुनं खत यांचा टोपलीएवढा उंचवटा करायचा आणि त्याच्या माथ्यावर गवत लावायचं. वर नारळाची सोडणं पसरते, पण ठोंबाच्या गळ्याशी नाही. चार बोटं मोकळी सोडते. जागाही बदलली. फणसाच्या सावलीतले दोन ठोंब मूळचेच रोगट होते. या गवताला दिवसभराचं ऊन लागतं, सावलीत रंग हिरवट पडतो आणि पाती लोळतात.

कापणी आता मेच्या मध्यावर. आमच्याकडे मॉन्सून साधारण 5 जूनच्या सुमारास येतो. तोवर कापलेल्या बुडख्यातून अर्ध्या फुटाचे कोंब वर आलेले असतात. पाऊस येतो तेव्हा गवत आखूड, ताठ असतं, मध्ये वारा खेळतो. कोरड्या बुडख्यावर आदल्या दिवशी कोयता चालवून दुसऱ्या दिवशी मुसळधार पाऊस झेलायला लावण्यात मात्र धोका आहे, म्हणून पंधरा-वीस दिवसांचं अंतर हवंच.

कापायची एक रीत हाताला बसली आहे. आधी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे. पात्यांच्या कडेला वाळूतली सिलिका असते. पहिल्या वर्षी मनगटावर बारीक रेघा उठल्या आणि रात्री भांडी घासताना साबण असा झोंबला की विचारू नका. मग काठीने ठोंब ढवळायचा. फुरसं सुक्या पाचोळ्यात दिसत नाही, त्यामुळे हे मी कधी चुकवत नाही. नंतर सुंभ घेऊन सगळी पाती एकत्र आवळून अंबाडा बांधायचा आणि वीतभर वर ठेवून धारदार विळ्याने गोल फिरत कापायचं. अख्खी मोळी हातात येते, अंगणभर काड्या उडत नाहीत. सुंभाशिवाय कापलेलं झाडायला मला दीड तास लागला होता.

तिसऱ्या वर्षी ठोंबाला मधोमध टक्कल पडलं. जुना भाग मरतो, नवे कोंब कडेने फुटत जातात; तेव्हा ठोंब फोडायचा. मी निम्मे जूनमध्ये फोडले, निम्मे नवरात्राच्या तोंडावर. जूनमधल्या पाच तुकड्यांतले तीन सडले, नवरात्रातले सगळे जगले. फोडायला खुरपं उपयोगाचं नाही. पहारीने ठोंब उचकटला, चिखल धुतला, कोयता मधोमध ठेवून वरून हातोडा मारला. नवरा म्हणाला, नारळ फोडतेस की झाड लावतेस? प्रत्येक तुकड्याला पाच-सहा कोंब ठेवले, मधला मेलेला भाग टाकून दिला, पाती निम्म्यावर छाटली आणि आठवडाभर झापांची सावली केली.

नर्सरीवाल्याने मधे हिरवा फाउंटन ग्रास स्वस्तात देऊ केला होता. मी नाही घेतला. जांभळ्याला उगवणारं बी जवळजवळ धरत नाही, म्हणून तो तुकड्यांनीच वाढवायचा. हिरव्याचं बी वाऱ्याने दूर जातं. हवाईत तो रानभर पसरून डोकेदुखी झाला आहे. आमच्या घराच्या वरच्या अंगाला सडा, म्हणजे कातळाचं पठार आहे. पावसाळ्यात तिथे आपलीच गवतं आणि सीतेची आसवं फुलतात. त्यात माझ्या बागेतलं काही जाऊन बसायला नको.

उतारावर जिथे दोन ठोंब कुजले होते तिथे वाळा लावला, आणि तो मात्र भर जूनमध्ये. त्याची मुळं सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंतही. 1980च्या दशकात जागतिक बँकेने मातीची धूप थांबवायला भारतात वाळ्याचाच प्रचार केला होता. आमच्या उतारावरची लाल माती दर पावसात गटारात जायची, ती आता वाळ्याच्या रांगेमागे अडते. दिसायला साधा, पण त्याचं मला काही करावं लागत नाही.

गेल्या ऑगस्टात तुरे ओढून नेणाऱ्या ठिपकेदार मुनिया दिसल्या. चोचीत स्वतःपेक्षा लांब तुरा धरून एक आजींच्या लिंबाच्या झाडात शिरायची, दुसरी परत यायची. लिंबात घरटं होतं. तेव्हापासून पावसाळ्यात लोळलेले तुरेसुद्धा छाटत नाही.

या मेमध्ये सात मोळ्या निघाल्या. चार नारळांच्या आळ्यात पसरल्या. तीन आजींनी मागून नेल्या, अबोलीच्या मुळाशी घालायला. तण म्हणायचं मात्र त्यांनी सोडलेलं नाही.