सही करू का नको? देवाजवळ ज्ञान मागताना

सुगी संपली की घरोघरी हा प्रश्न येतो. चुलतभाऊ ट्रॅक्टर घेतोय, बँकेला जामीनदार पाहिजे आणि तो दारात येऊन बसलाय. विश्वासी माणूस म्हणतो, "प्रार्थना करून सांगतो." म्हणजे नेमकं काय करायचं?

बरेच जण डोळे मिटून पवित्र शास्त्र (बायबल) उघडतात, बोट ठेवतात आणि तिथलं वचन देवाचं उत्तर धरतात. पाणाड्याच्या हातावरचा नारळ उभा राहिला की बोअर घ्यायचा, तसंच हे. असं करू नका. इस्राएलाचा राजा शलमोन यानं गिबोन गावात देवाजवळ कौल मागितला नाही. त्यानं जे मागितलं (१ राजे ३:९) त्याचा मूळ इब्रीतला अर्थ 'ऐकणारं हृदय' असा आहे. त्याच अध्यायात पुढं तो एका बाळासाठी भांडणाऱ्या दोघी बायांचं पूर्ण ऐकून घेतो, मगच निवाडा करतो.

म्हणून आधी प्रश्न कागदावर मांडा. "प्रभू, मार्ग दाखव" एवढ्यानं भागत नाही. कर्ज किती, हप्ता किती, भाऊ थकला तर तो आपल्याला भरता येईल का, आणि नाही म्हणायची भीती वाटते ती कशाची, हे सगळं लिहा आणि तेच प्रार्थनेत वाचून दाखवा. याकोबाच्या पत्रातलं १:५ हे वचन संकटात सापडलेल्यांना लिहिलेलं आहे. देव मागणाऱ्याला दोष लावत नाही, असं ते सांगतं. पूर्वी अशाच सहीनं हात पोळले असतील तरी लाजू नका, मागा.

मग वाचन. बायबलातल्या नीतिसूत्रे या पुस्तकाचे ३१ अध्याय आहेत, तारखेचा अध्याय रोज वाचायची पद्धत चांगली. फक्त १० व्या अध्यायापासून पुढं बहुतेक वचनं सुटी सुटी आहेत, भरभर वाचली तर एकही मनात राहत नाही. एकच वचन धरा, दिवसभर घोळवा. आणि एका विषयाची सगळी वचनं शेजारी ठेवा. जामिनाबद्दल ६:१-५, ११:१५, १७:१८ आणि २२:२६-२७ वाचा. शेवटच्यात तर विचारलंय, फेडायला काही नसलं तर अंगाखालचं अंथरूण का जाऊ द्यावं? एवढ्यावर "नाही" म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण ३:२७-२८ सांगतं, देणं हातात असताना शेजाऱ्याला "उद्या ये" म्हणू नकोस. दोन्ही वचनं खरी आहेत. जे हातात आहे ते द्या, जे नाही ते लिहून देऊ नका. सहीऐवजी सोयाबीनच्या पैशातले वीस हजार त्याच्या हातावर ठेवणं, हेही उत्तर असू शकतं, आणि ते चिठ्ठीत कधीच निघालं नसतं.

"मनाला शांती वाटली" एवढ्यावरही विसंबू नका. देवापासून पळून जाणारा योना वादळातल्या तारवात गाढ झोपला होता (योना १:५). गिदोनानं रात्री लोकर अंगणात ठेवून ती दवानं भिजली का, यावरून देवाची खूण मागितली; तशी खूण मागणारे एक विसरतात, की गिदोनाला देवाची आज्ञा आधीच मिळाली होती. आलेला विचार याकोब ३:१७ वर घासून बघा. तो शुद्ध आहे का, शांतीचा आहे का, समजूत ऐकून घेतो का? भावकीतली जुनी अढी त्यात बोलत असेल तर अजून थांबा.

नीतिसूत्रे १५:२२ प्रमाणे सल्लाही घ्या. एक पाळकांचा आणि एक ज्यानं स्वतः जामीन राहून हप्ते भरलेत त्याचा. दुसऱ्याला टाळावंसं वाटतं, म्हणून त्याच्याकडे आधी जा. घरच्या कारभारणीला विचारायचं तर राहूच देऊ नका, अंथरूण तिचंही आहे.

आणि एवढं करून सही करायचीच ठरली, तर फिलेमोनाच्या पत्रातली १८-१९ ही वचनं वाचून करा. फिलेमोनाचा दास अनेसिम याचं देणं प्रेषित पौल स्वतःच्या नावावर मांडून घेतो आणि आपल्या हातानं लिहितो, मी फेडीन.