सुगी सरते, शेत राहतं

उपदेशक होऊ पाहणाऱ्या मंडळींना मी बायबलातल्या नव्या कराराची ग्रीक भाषा शिकवतो. नगरकडच्या एका गावात वर्ग चालला होता. मत्तयाचा 13 वा अध्याय, निदणाचा, म्हणजे गव्हात उगवलेल्या तणाचा, दाखला. त्यात येशू शेत आणि कापणी म्हणजे काय ते उलगडून सांगतो.

मागच्या बाकावरून एक मावशी उठल्या. हातात नवऱ्याचं जुनं इंग्रजी बायबल, 1611 चं राजा जेम्सचं भाषांतर. "सर, ह्यात 38 व्या वचनात वर्ल्ड आहे, 39 व्यातही वर्ल्डच. आपल्या मराठीत आधी जग आणि मग युग. मराठी चुकलंय का?"

मी मूळ पाठ त्यांच्यापुढे ठेवला आणि एकेका शब्दाखाली बोट धरून वाचलं. 'हो दे अग्रोस एस्तिन हो कोस्मोस', शेत हे जग आहे. पुढच्याच वचनात कापणी म्हणजे 'सुंतेलेइया आयोनोस', युगाची समाप्ती. कोस्मोस म्हणजे मांडलेलं, रचलेलं जग. पेत्राच्या पहिल्या पत्रात हाच शब्द बायकांच्या साजशृंगारासाठी येतो. आयोन म्हणजे काळ, युग. जुन्या लॅटिन बायबलात मुंडुस आणि सेकुलुम असे दोन शब्द वेगळे राहिले होते. इंग्रजीत ते एक झाले. मराठी बरोबर आहे, हे सांगताना मला फार आनंद झाला.

मावशी बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. "म्हणजे सुगी सरली तरी शेत जाग्यावरच की! हे आजारपणात ह्याच ओळीवर अडायचे. जगाचाच अंत, तर पोरांसाठी लावलेल्या आंब्यांचं काय, म्हणायचे."

इतकी वर्षं हा दाखला शिकवतोय, पण शेताकडून तो मी कधी वाचला नव्हता.

तरी एका शब्दावर सगळा भार टाकणं मला पटत नाही, आणि ते मी त्यांना सांगितलं. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या 3 ऱ्या अध्यायात आकाश आणि पृथ्वी अग्नीसाठी राखलेली आहेत. इब्रींस पत्राच्या आरंभी देवानं पुत्राच्या द्वारे 'आयोन' निर्माण केले असं आहे, तिथे काळाबरोबर सृष्टीही आली. इफिसकरांस पत्रात, 2:2 मध्ये, तर दोन्ही शब्द एकत्र आहेत: ह्या कोस्मोसचा आयोन.

"जगाची रहाटी," मावशी लगेच म्हणाल्या.

1881 च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीनं 39 व्या वचनात वर्ल्ड तसंच ठेवलं आणि युगाचा अर्थ पानाच्या समासात दिला, हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली. नवऱ्याच्या बायबलात, त्या ओळीशेजारच्या पिवळट कडेला, सावकाश लिहिलं: युग.