रुता, रिता की रीटा?

आज लेकीला डोस द्यायला घेऊन गेलो होतो. नंबर आला तशी आतून हाक आली, "रीटा!" आम्ही ढिम्म. मग "रूटा!" तेव्हा कुठे बायकोने कोपर मारलं, "अरे, आपलीच!"

नाव ऋता. ऋत म्हणजे सत्य, सृष्टीचा नियम. शब्द थेट ऋग्वेदातला. दोनच अक्षरं, चुकून चुकणार किती, असं वाटलं होतं. पण आपण मराठी माणसं 'ऋ'चा 'रु' करतो, हिंदीत त्याचाच 'रि' होतो, आणि मूळ संस्कृतात तर तो स्वतंत्र स्वर, धड रु नाही की रि नाही. त्यात इंग्रजी स्पेलिंगमधल्या 'टी'चा त करायचा की ट, हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर. जन्मदाखल्यावर 'टी'पुढे 'एच' लावला नाही, ते आता भोगतोय. (लावला असता तर कुणीतरी 'रूथा' म्हटलं असतंच.)

शेजारच्या बाकावर दोन आरव होते. "आरव!" म्हटल्यावर दोन्ही आया एकदम उठल्या. मला उगाचच बरं वाटलं.

बाईसाहेब मात्र सुई टोचेपर्यंत रीटा काय नि रूटा काय, सगळ्यांकडे बघून खुदुखुदू हसत होत्या.