परीक्षेआधीचा पूरिया

पुढच्या आठवड्यात गाण्याच्या फायनलचं सादरीकरण. पूरिया राग घेतलाय, विलंबित (संथ लयीतल्या) एकतालात. आज ठाण्यात तलावपाळीला फेरी मारताना मनात हिशेब मांडला, मला नक्की येतं काय?

तानांची चिंता नाही, गळा पळतो. १२ मात्रांचं आवर्तन भरून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येणंही आता अंगात मुरलंय. खरी कसोटी संथ आलापात. मारवा, पूरिया, सोहनी, तिघांचे सूर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. मारव्यात भर रिषभ-धैवतावर, पूरियात गंधार-निषादावर, आणि सोहनी रमते तार, म्हणजे वरच्या सप्तकात. म्हणजे कुठे थांबायचं आणि कुठून नुसतं सरकून जायचं, यावरच सगळा राग उभा. वहीत लिहायला सोपं हो! गळ्याला मात्र धैवत आला की तिथेच बसावंसं वाटतं, आणि लगेच मारवा डोकावतो. गाणं शिकवणाऱ्या ताई म्हणतात, "मंद्रात (खालच्या सप्तकात) राहा गं, घाई कसली?"

उद्यापासून ताना बंद. घोडबंदर रोडचे हॉर्न साथीला असतातच (तानपुरा ॲप बिचारं तरी सुरात आहे). फक्त मंद्र निषादापासून नि-रे-ग. शेजारच्या काकूंनी आत्ताच विचारून ठेवलंय, "पुढची ओळ कधी येणार?"