जरा मागे राहून

अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनच्या नव्या अल्बममध्ये नवं काय आहे, हे शोधायला भिंग घेऊन बसावं लागेल. गाणारा १९३३ सालचा. त्याच्या हातातली गिटार १९६९ ची, आणि तिच्या पोटाला घासून घासून पडलेलं एक भलंमोठं भोक. गाणी १९६६ ते १९८० या काळातली, आणि तीही स्वतःची नव्हेत, मित्राची. तो मित्र २०१६ साली गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये बाहेर आलेल्या 'वर्किन मॅन: विली सिंग्ज मर्ल' या अल्बमवर सगळ्यात ताजी गोष्ट म्हणजे बहुधा त्याचं मुखपृष्ठ.

बरं, ध्वनिमुद्रण तरी आत्ताचं? तेही नाही. ड्रमवर पॉल इंग्लिश आहे आणि पियानोवर विलीची थोरली बहीण बॉबी. पॉल १९६६ पासून विलीच्या मागे बसायचा. काळा झगा, टोकदार दाढी, जवळ पिस्तूल. कार्यक्रमाचे पैसे द्यायला टाळाटाळ करणाऱ्या मालकाकडून वसुली करण्याचं खातंही त्याच्याचकडे. तो फेब्रुवारी २०२० मध्ये वारला. बॉबी मार्च २०२२ मध्ये. दोघांचं वाजवणं इथे स्वच्छ ऐकू येतं, म्हणजे ही गाणी काही वर्षं फडताळात पडून होती. ज्यांच्यासाठी 'शेवटचं वादन' वगैरे शब्द वापरायचे, ती माणसं हे वाजवताना बहुधा जेवणाची सुट्टी कधी होते याचा विचार करत असतील.

(विलीला मी सरळ अरेतुरे करतेय. गाणं मनापासून आवडलं की आपण गाणाऱ्याला एकेरीवर आणतो, 'भीमसेन काय गायला!' म्हणतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तोच न्याय टेक्सासला.)

ज्याची ही गाणी आहेत तो मर्ल हॅगार्ड. आपल्याकडे कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या वळणाचं संगीत ऐकणारे मुळात थोडे, आणि त्यांतले बरेचसे जॉन डेन्व्हरपाशी थांबलेले, तेव्हा दोन शब्द सांगायला हवेत. तीसच्या दशकातल्या दुष्काळात आणि मंदीत ओक्लाहोमातून हजारो कुटुंबं कॅलिफोर्नियात आली. कापूस वेचायला, तेलाच्या विहिरींवर, मिळेल त्या कामाला. तिथल्या लोकांनी त्यांना 'ओकी' म्हणून हिणवलं. मर्लचे आईबाप त्यांतलेच. बेकर्सफील्डजवळ रेल्वेचा एक जुना मालडबा घेऊन बापाने त्याचं घर केलं, आणि १९३७ साली मर्ल त्या घरात आला. तो नऊ वर्षांचा असताना बाप गेला आणि पोरगं हाताबाहेर गेलं. किरकोळ चोऱ्या, सुधारगृहातून पलायन, पुन्हा चोऱ्या. शेवटी सॅन क्वेंटिनचा तुरुंग. एकविसावा वाढदिवस त्याने तिथेच काढला. कंट्री गायक जॉनी कॅश तुरुंगात गायला आला तेव्हा समोर बसलेल्या कैद्यांत मर्ल होता. सुटल्यावर गायला लागला, आणि पुढे त्याची ३८ गाणी कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने त्याला रीतसर माफी दिली. त्या गव्हर्नरचं नाव रोनाल्ड रेगन.

आता हा असा माणूस तुरुंगावर, दारूवर, घामावर गाणी लिहितो तेव्हा ती दमदार, भरल्या छातीच्या आवाजासाठीच लिहितो. मर्लचा आवाज तसा होताच. विलीचा आवाज आधीपासूनच नाकातला आणि बारीक, आणि आता तर तो वाळवणासारखा पातळ झालाय. मग हे जमतं कसं?

स्वयंपाकघरात मेथी निवडताना मी हा अल्बम लावला होता. आई समोरच बसली होती. दोन गाणी तिने निमूट ऐकली आणि विचारलं, "हा गातोय की नुसता बोलतोय?" मग पुन्हा, "आणि तालात नाहीये ना गं?" माझा थोरला भाऊ तबला वाजवतो. धंदा म्हणून नव्हे, पण गुरूकडे बसून शिकलेला आहे. तो चहाचा कप घेऊन दारातच उभा राहिला, बोटांनी चौकटीवर मात्रा धरल्या आणि म्हणाला, "चुकत नाहीये. मुद्दाम मागे राहतोय. ओळ संपेपर्यंत थांब, बघ कसा गाठतो ते." आणि खरंच, ओळ अगदी हातची गेली असं वाटतानाच शेवटचा शब्द जागेवर येऊन बसला. "डँबिस आहे," दादा म्हणाला. त्याच्या तोंडून ही मोठी दाद समजायची.

विलीच्या गाण्याची मेख इथेच आहे. वाद्यं आपली सरळ चालत असतात आणि तो सवडीने मागून येतो; कधी आधीच पुढे जाऊन उभा राहतो. ही खोड त्याला तरुणपणापासूनची. जँगो राइनहार्ट हा जिप्सी गिटारवाला त्याचं दैवत. नायलॉनच्या तारांची गिटार विलीने धरली तीही जँगोच्या नादाचा पाठलाग करण्यासाठी. १९६० च्या सुमाराला तो कंट्री संगीताच्या पेठेत, नॅशव्हिलला, आला तेव्हा या गायकीने तिथल्या लोकांना डोकेदुखी झाली. गाणी मात्र त्यांना हवी होती. त्याआधी टेक्सासमध्ये पोटासाठी त्याने एक गाणं ५० डॉलरला विकलं होतं, दुसरं १५० ला, आणि दोन्ही पुढे गाजली ती दुसऱ्यांच्या आवाजात. १९६१ मध्ये गायिका पॅट्सी क्लाइनने त्याचं 'क्रेझी' गायलं आणि अजरामर केलं. विलीने नमुना म्हणून गाऊन दिलेली टेप ऐकून तिला आधी कळेचना की शब्द नेमके कुठे टाकायचे. हे वाचल्यापासून आईबद्दलचा माझा आदर वाढला आहे. तिची तक्रार पॅट्सी क्लाइनच्या तोडीची निघाली.

तर गाणं लिहिणारा म्हणून ओळख, गाणारा म्हणून नकार, अशी दहाएक वर्षं गेली. टेक्सासला परत जाऊन १९७५ मध्ये त्याने 'रेड हेडेड स्ट्रेंजर' केला, तोही इतक्या मोजक्या वाद्यांत की कंपनीच्या साहेबांना तो कच्चा खर्डा वाटला. त्याच अल्बममधल्या एका गाण्याने त्याला गायक म्हणून पहिल्यांदा पहिला क्रमांक दिला. गंमत म्हणजे ते गाणंही त्याचं नव्हतं, फ्रेड रोझ यांचं जुनं होतं. तीन वर्षांनी 'स्टारडस्ट', म्हणजे आजोबांच्या जमान्यातली गाणी. तो अल्बम कंट्रीच्या यादीत दहा वर्षांच्या आसपास ठाण मांडून राहिला. स्वतःची गाणी इतरांना देऊन पोट भरलेल्या माणसाला कीर्ती मिळाली ती बरीचशी इतरांची गाणी गाऊन.

आपल्याला यात नवल वाटू नये. यमनची तीच बंदिश गवयाने चाळीस वर्षं गायली तर 'नवीन काहीतरी गा' असं मैफलीत कुणी ओरडत नाही. आज तो कुठून उचलतो आणि समेला कसा येतो, हे ऐकायला आपण गेलेलो असतो. पॉप गाण्याच्या बाजारात मात्र नवं म्हणजे नवं गाणं, एवढंच चालतं. विली त्या बाजारात राहून आयुष्यभर मैफलीचा धंदा करत आलाय, असं माझं मत आहे. विलीपेक्षा मर्लची मूळ ध्वनिमुद्रणं सरस आहेत असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. 'रॅम्ब्लिन फीव्हर' तर मला मर्लच्याच आवाजात हवं. त्यात पायाला भिंगरी लागलेल्या माणसाची घाई आहे आणि विलीला घाई हा प्रकारच माहीत नाही.

पण 'ओकी फ्रॉम मस्कोगी' ऐकाच. १९६९ चं हे गाणं. व्हिएतनामच्या विरोधात मोर्चे काढणाऱ्या लांबकेस्या पोरांना टोले हाणणारं. आमच्या गावात गांजा ओढत नाहीत, या घोषणेनेच ते सुरू होतं. मर्लने ते थट्टेत लिहिलं की मनापासून, यावर वाद अजून चालू आहे आणि मर्लने स्वतः वेळोवेळी वेगवेगळी उत्तरं देऊन तो पेटता ठेवला. आता ते कोण गातंय? कंबरेपर्यंत वेण्या वाढवलेला, गांजाच्या कायदेशीरपणासाठी उभं आयुष्य झगडलेला, स्वतःच्या नावाने गांजाचा धंदा काढलेला विली नेल्सन. फुप्फुसांनी हात टेकल्यावर त्याने २०१९ च्या सुमाराला धूर सोडला, वस्तू सोडली नाही. ती आता खाण्यातून घेतो. असा माणूस ती पहिली ओळ चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता गातो. डोळाही मिचकावत नाही. मिचकावला असता तर गाणं फुकट गेलं असतं.

'सिल्व्हर विंग्ज' लागलं तेव्हा आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली. तिला शब्द कळले नव्हते. विमान माणसाला घेऊन जातं आणि मागचा माणूस ते आकाशात लहान लहान होताना बघत राहतो, एवढंच आहे गाण्यात, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "मग असंच म्हणायला पाहिजे ते. ओरडून काय होणार आहे?" आमच्या धाकट्याला अमेरिकेला पोचवायला ती दर वेळी हट्टाने मुंबईपर्यंत येते आणि काचेच्या दारापाशी सूचना देण्यापलीकडे काही करत नाही. लोणचं वर ठेव, खाली नको, वगैरे. त्यामुळे मी पुढे काही बोलले नाही.

'इफ वी मेक इट थ्रू डिसेंबर' हे गाणं मला सगळ्यांत आवडलं. १९७३ चं आहे. कारखान्यातून कामावरून कमी केलेला बाप. नाताळ तोंडावर, लहान मुलीला कसं सांगायचं कळत नाही, हा महिना निभावला की उन्हाळ्यात कुठेतरी उबदार जागी जाऊ म्हणतो. मर्ल गातो तेव्हा तो बाप खरंच जाईल असं वाटतं. विलीच्या तोंडी तेच शब्द आले की वाटतं, हा कुठे जाणार नाहीये, पोरीलाही ते माहीत आहे, पण म्हणायला काय जातं. अक्षर बदललेलं नाही. एक शब्द जरा उशिरा पडला, इतकंच.

म्हाताऱ्या गायकाचा अल्बम आला की ऐकणाऱ्यांना एक वाईट सवय असते. आपण त्यात निरोप शोधतो. हा थरथरला तो मृत्यूच, तो थांबला ती संध्याकाळच. विली या बाबतीत मोठा निराशा करणारा माणूस आहे. तो मेल्याच्या अफवा इंटरनेटवर इतक्यांदा उठल्या की २०१७ मध्ये त्याने 'स्टिल नॉट डेड' नावाचं गाणंच करून टाकलं. २०२४ च्या नोव्हेंबरात मुलगा मायकाने त्याचा 'लास्ट लीफ ऑन द ट्री' काढला. झाडावरचं शेवटचं पान! वेलन जेनिंग्ज गेला, जॉनी कॅश गेला, त्याच सप्टेंबरमध्ये क्रिस क्रिस्टोफरसन गेला. चौघांच्या 'हायवेमेन' या गटातला हा एकटा उरला. लोकांनी रुमाल काढून ठेवले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पानाने गीतकार रॉडनी क्रॉवेलच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि नोव्हेंबरमध्ये हा मर्लचा. एकट्याच्या नावावरचे अल्बम पंच्याहत्तरच्या पुढे गेलेत. नेमके किती, यावर मोजणाऱ्यांचंही एकमत होत नाही.

हे सगळं थोरपण वगैरे नसून सरळ कामाची सवय असावी, असा माझा संशय आहे. १९९० मध्ये कर खात्याने १ कोटी ६० लाख डॉलरच्या वर थकबाकी काढून त्याची घरंदारं जप्त केली, तेव्हा गिटार त्याने मुलीकडून आधीच हलवून घेतली होती. बाकी सगळं जाऊ दे, हत्यार राहिलं पाहिजे, हे सुताराला किंवा शिंप्याला समजावून सांगावं लागत नाही.

आणि विलीकडे मर्लचं एक देणंही होतं. १९८३ मध्ये दोघांचा 'पाँचो अँड लेफ्टी' आला. त्यातलं शीर्षकगीत टाउन्स व्हॅन झँट या गीतकाराचं. विलीने रात्री उशिरा ते बसवलं. मर्ल बाहेर आपल्या बसमध्ये गाढ झोपलेला. पहाटे चारच्या सुमाराला विलीने त्याला उठवून माइकसमोर उभं केलं, हातात कागद दिला आणि त्याचं कडवं गाऊन घेतलं. मर्ल जाऊन पुन्हा झोपला. सकाळी तोंड धुऊन, घसा साफ करून तो आला आणि म्हणाला, रात्रीचं राहू दे, आता नीट गातो. विली म्हणाला, टेप न्यूयॉर्कला रवाना झाली. ते पेंगुळलेलं कडवं त्याच गाण्याबरोबर पहिल्या क्रमांकावर गेलं आणि मर्लला ते पुन्हा गायला कधी मिळालं नाही. स्वतःच्या मित्राची गाणी ध्वनिमुद्रित करून वर्षानुवर्षं फडताळात ठेवायला मात्र विलीकडे भरपूर वेळ होता.